समोरचा पाट

चौसाळ्यात हायवेला लागून माझं इन्व्हर्टरचं दुकान आहे. बॅटऱ्या, सोलर पॅनेल, मोटारीचे स्टार्टर, असलं सगळं. साजिद माझा भागीदार. तो बॅटऱ्यांचं बघतो, मी वायरिंगचं. लिंबागणेशपासून नांदूरघाटापर्यंत लाईट गेल्यावरही कुणाच्या घरात पंखा फिरत असला, तर तो बहुतेक आम्हीच फिरवलेला असतो. उजेड हा माझा धंदा आहे. दिवा लागला नाही तर कुठंतरी तार तुटलेली असते, यापलीकडं दुसरं कारण मी कधी मानलं नाही.

माझ्या स्वतःच्या घरात तर अंधाराला शिरायला मी जागाच ठेवली नव्हती. ओसरीवर सेन्सरचा दिवा बसवला होता. त्यात जादू काही नसते. अंगाची ऊब हलली की त्याला कळतं आणि तो लागतो. शेजारच्या छबुबाईंची मांजर आली तरी लागायचा. छबुबाई मुद्दाम फाटकातून दोनदा आत-बाहेर करायच्या आणि म्हणायच्या, "अमरसिंह, तुमचा दिवा लई शहाना हाय बगा."

अशा घरात माझी बायको मेणबत्त्या लावून बसायला लागली.

राजनंदिनी इथल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. बीडला तिच्या चित्रांचं प्रदर्शन येत्या संक्रांतीनंतर भरवायचं ठरलं आणि तिनं विषय निवडला तो मेणबत्तीच्या उजेडात घरकाम करणाऱ्या बाईचा. दिवेलागणीला ती स्वयंपाकघरातली ट्यूब बंद करायची, फरशीवर पाट टाकून बसायची, वाटीत मेणबत्ती उभी करायची आणि लसूण सोलायची. कधी ज्वारी निवडायची, कधी वाकळ शिवायची. जे दिसलं ते सकाळी शाळेच्या आधी कॅनव्हासवर उतरवायची.

मेणबत्तीच्या पलीकडं ती आणखी एक पाट मांडायची. रिकामा. तिच्या माहेरच्या घरात तशी रीत होती म्हणे. दिव्याजवळ काम घेऊन बसलं की समोर पाट टाकून ठेवायचा, येणाऱ्या माणसाला उभं राहावं लागू नये. मी त्या पाटाला वळसा घालून फ्रीजकडं जायचो.

साजिदला हे कळल्यावर तो खूष झाला. "काय बे, साऱ्या तालुक्याला उजेड इकतो अन् घरी मेणबत्ती? दिव्याखाली अंधार म्हणत्यात ते हेच का?"

मी हसलो. न हसून सांगतो कुणाला?

घरी आल्यावर मात्र विचारलं. "आपल्याकडं चोवीस तास लाईट असती. मग मेणबत्ती कावून?"

तिनं मला मोबाईलवर जुनी परदेशी चित्रं दाखवली. एक बाई शिवत बसलेली. एक भांडी घासणारी. एकीनं ज्योतीच्या आड हात धरलेला आणि बोटांच्या कडा आतून लाल झालेल्या. सगळ्या आपापल्या कामात, आणि खोलीचा बाकीचा भाग काळाकुट्ट.

"कॉलेजात आमाला शिकवलं, मेणबत्ती म्हंजी सरत चाललेलं आयुष्य," ती म्हणाली. "न्हाईतर मग घरात आलेला देव. परीक्षेत मी बी तेच लिहिलतं."

"मग?"

"मग लग्न झालं अन् रोज लसूण सोलायला लागले." ती हसली. "लसूण अंधारात बी सोलता येतो हो. ज्वारीतला खडा बोटाला कळतो. कामाला एवढा उजेड लागतच न्हाई. ही मेणबत्ती त्या बाईसाठी नसतीच. तिच्याकडं बघणाऱ्यासाठी असती."

तेवढ्यात माझा फोन वाजला. केजच्या एका मंगल कार्यालयाचं काम होतं. बोलणं संपवून मी परत आलो, तोवर तिनं लसणाच्या पाकळ्या पुढ्यात ओढल्या होत्या. मी ट्यूब लावायला निघालो आणि जाता जाता मेणबत्ती विझवायला वाकलो. छबुबाई ताकाचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या, त्या एकदम ओरडल्या, "आवो, दिव्याला फुंकर मारू न्हाई! लक्ष्मी जाती घरातून!"

"मावशी, मेणबत्ती हाय ती."

"असंना का. ज्योत ती ज्योत."

राजनंदिनीनं मेणबत्तीवर दुसरी वाटी पालथी घातली.

पहिलं चित्र पुरं झालं तेव्हा मी ते दुकानात जाता जाता पाहिलं, आणि चप्पल पायात तशीच ठेवून परत आत आलो.

चित्रातली बाई राजनंदिनीच होती. खालून उजेड आल्यानं हनुवटी आणि गाल पिवळे, डोळ्यांवर पापण्यांची सावली. हातात अर्धी सोललेली पाकळी. इथवर ठीक. पण ती लसणाकडं बघत नव्हती. ज्योतीच्या वरून पलीकडं बघत होती आणि हसत होती. मी तिच्याशी लग्न केलंय, तिची सगळी हसणी मला पाठ आहेत: पाहुण्यांसमोरचं, मुख्याध्यापकांसाठीचं, माझ्या आईचा विषय निघाला की ओठ मिटून केलेलं. हे त्यांतलं नव्हतं. कुणीतरी फार जवळचं, फार शांतपणे काही सांगत असताना येतं तसलं ते हसू होतं. ते माझ्या घरात होतं आणि माझं नव्हतं.

"कुणाकडं बघू लागलीय ही?"

"समोर बसलेल्याकडं."

"समोर कोण हाय?"

"चित्र बघणारा," ती ब्रश धूत म्हणाली. "आत्ता तुमीच की."

मी चित्रासमोर आणखी थोडा वेळ उभा राहिलो. ती माझ्याकडं बघत नव्हती. तिची नजर माझ्या खांद्याच्या किंचित बाजूला होती. मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच.

पुढच्या चित्रात ती ज्वारी निवडत होती आणि सूप अर्धं पुढं सरकवलेलं होतं, समोरच्यालाही हात घालता यावा असं. त्याच्या पुढच्या चित्रात वाकळ होती. तिचं एक टोक तिच्या मांडीवर होतं, आणि दुसरं चौकटीबाहेर कुणीतरी ताणून धरल्यासारखं वर उचललेलं. मेणबत्ती या वेळी अलीकडं ओढलेली, आणि मागच्या भिंतीवर दोन सावल्या.

मी वायरिंगवाला माणूस. खोलीत दिवा कुठं लावला की सावली कुठं पडते, हे मला कागद न घेता कळतं. ज्योत इथं, भिंत तिथं, सावलीचं डोकं छताच्या पट्टीला लागलेलं. म्हणजे पाटावर बसलेला माणूस पुरुष आहे, अंगानं बेताचा, उंची साधारण माझ्याएवढी. माझ्याएवढ्या उंचीचे पुरुष चौसाळ्यात शेकड्यानं सापडतील. त्या विचारानं तर तळपायाची आग मस्तकात गेली.

संशय एकदा घरात आला की पाय धुऊन बसतोच. तिचा एक वर्गमित्र होता, हरिओम. बीडला फ्रेमचं दुकान चालवायचा, चित्रांच्या मापासाठी फोन करायचा. ऐन दिवेलागणीला मी दुकानातून त्याला फोन लावला, काहीतरी निमित्त काढून. मागं लाकूड कापायच्या मशीनचा आवाज येत होता. "भाऊजी, बोला की," तो ओरडून म्हणाला. तो बीडलाच होता. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. माणूस माहीत असला तर निदान त्याचं तोंड डोळ्यांसमोर आणून शिव्या तरी देता येतात.

त्याच आठवड्यात छबुबाईंनी मला फाटकाशी गाठलं.

"अमरसिंह, आमच्या पोराला, आप्पारावला, जरा तुमी सांगा की वो. बायकूला कसं हातभार लावावा ते."

"मी काय सांगू, मावशी?"

"आता लाजू नगा. रोज बगते की मी मागच्या खिडकीतून. लसूण सोलू लागताव, वाकळंला दोरा ओवून देताव. काल तर किती येळ बोलत बसलतात दोगं. असं मानूस मिळाया नशीब लागतं."

काल मी दिवेलागणीला केजमध्ये शिडीवर होतो.

छबुबाईंची नजर अधू आहे, मोतीबिंदू झालाय, हे मी स्वतःला सांगितलं. म्हणजे कुणीतरी येतं हे नक्की, आणि म्हातारीला तो मी वाटतो. मी फाटकातून आत आलो. ओसरीचा दिवा लागला नाही. मी हात हलवला, मागं जाऊन परत आलो, तेव्हा कुठं लागला. सेन्सरवर धूळ बसली असेल म्हणून मी फडक्यानं पुसून घेतला.

आत राजनंदिनी मेणबत्तीवर वाटी पालथी घालून नुकतीच उठली होती. स्वयंपाकघरात मेणाचा आणि लसणाचा वास. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "आलात? इतक्यात कुठं गेलतात?" आणि उत्तराची वाट न बघता तवा ठेवला. मी समोरच्या पाटावर हात टेकवला. लाकूड कोमट होतं.

मी भांडलो का नाही, असं कुणीही विचारील. भांडणारच होतो. रात्रभर शब्द जुळवले होते. पण सकाळी चहा देताना तिनं कप माझ्या हातात ठेवला आणि हात तसाच राहू दिला.

"काल तुमी आईचं सांगितलं ते लई बरं वाटलं," ती म्हणाली. "चिमणी धरून उभं राहायचं ते. मला वाटायचं, तुमाला लहानपणीचं काहीच आठवत न्हाई."

मी लहान असताना आमच्या शेतातल्या घरी वीज नव्हती. संध्याकाळी आई फाटक्या कपड्यांना ठिगळं लावायची आणि मी रॉकेलची चिमणी धरून तिच्यापाशी उभा राहायचो. हात भरून यायचा, पण खाली करायचो नाही, कारण उजेड हलला की आई मान वर करून माझ्याकडं बघायची आणि मला ते बघणं हवंही असायचं, नकोही असायचं. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. साजिदला नाही, राजनंदिनीला नाही. आई गेली तेव्हाही नाही.

माझी गोष्ट माझ्या बायकोला दुसऱ्यानंच सांगितली होती, आणि माझ्यापेक्षा चांगली सांगितली असणार, कारण तिचे डोळे अजून ओले होते.

तेव्हाच मी म्हणायला हवं होतं की तो मी नव्हे. जिभेवर आलं होतं. पण तिचा हात माझ्या हातावर होता. पाच-सहा वर्षांत सकाळच्या घाईत तिनं असा हात ठेवला नव्हता. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला कुणाला नको असतं? मी म्हणालो, "हां. आठवलं आपलं सहज."

त्या दिवसापासून मी त्याच्या कमाईवर जगायला लागलो. तो रात्रीचं बोलायचा आणि सकाळी त्याची शाबासकी मला मिळायची. माझ्या डब्यात माझी आवडती शेंगदाण्याची चटणी दिसायला लागली. माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण न सांगता लागलं. आणि प्रत्येक वेळी माझा जळफळाट व्हायचा, कारण हे सगळं त्याच्यासाठी होतं. मी नुसता पोस्टाची पेटी होतो.

एकदा मी ठरवून लवकर आलो. म्हटलं, पाट माझ्या घरातला आहे, त्यावर मीच बसतो. तिनं मेणबत्ती लावली, मी समोर बसलो. त्या दिवशी सीताफळाचा गर काढायचा होता. बालाघाटातली ती मोठी सीताफळं, बोटं लावली की फुटणारी. मी एक घेतलं, बिया काढता काढता गर फरशीवर सांडला. बोलायला काही सुचेना. साजिदनं नवी स्कीम आणलीय ते सांगितलं. ती "हं" म्हणाली. मी तिच्याकडं बघायचा प्रयत्न केला. कसं बघतात? चेहऱ्याकडं बघितलं की टक लावल्यासारखं वाटतं, हाताकडं बघितलं की काम तपासल्यासारखं. खिशात फोन थरथरला आणि माझा हात आपोआप तिकडं गेला.

तिनं मान वर केली. मेणबत्ती तिच्या डोळ्यांत होती, पण ते हसू आलं नाही.

"आज तुमी येगळेच वाटू लागलाव," ती हळूच म्हणाली. "बरं न्हाई का?"

मी उठून हात धुतले. बेसिनवरच्या आरशात बघायचं मी टाळलं, का ते मला सांगता येणार नाही.

मग लहानसहान गोष्टी बिघडायला लागल्या. ओसरीचा दिवा माझ्यासाठी लागेना. मी सेन्सर बदलला, दुकानातला नवा कोरा काढून बसवला. छबुबाईंची मांजर आली, लागला. साजिद आला, लागला. मी त्याच्यामागून आत शिरलो, तोवर विझून गेला होता. साजिद बॅटरीत पाणी टाकायला आमच्या घरी जाऊन आला आणि मला दुकानात बघून चमकला.

"तू इथं कवा आला बे? तूच तर दार उघडला आत्ता. चहा पाजला मला."

"मी सकाळपास्नं इथंच हाय."

तो हसला, मग हसायचा थांबला. "काय गंमत करू लागलाय? लई दिवसांनी नीट बोललास म्हणून मी वहिनीला बी म्हनलो, अमर सुधारला." आणि नंतर तो माझ्याबरोबर दुकानात एकटं थांबणं टाळायला लागला. गिऱ्हाईकं दुकानात यायची, साजिदशी बोलायची. मी पुढं होऊन भाव सांगितला तरी साजिदनं परत सांगेपर्यंत त्यांना ऐकू गेल्यासारखं दिसायचं नाही. थंडीचे दिवस होते, लोक कानाला मफलर बांधून येतात. मी त्यातच कारण शोधलं.

पण हे सगळं बाजूला. मला एकच गोष्ट हवी होती. तो कोण आहे ते डोळ्यांनी बघायचं आणि त्याला कॉलर धरून माझ्या घरातून बाहेर काढायचं. नाहीतर माझी बायको गेली होती. ती घरात होती, माझ्या ताटात भाकरी वाढत होती, आणि तरी गेली होती.

त्या संध्याकाळी मी दुकानातून निघालो आणि पुढच्या रस्त्यानं न जाता मागच्या गल्लीत वळलो. गल्लीत सिमेंटचा रस्ता झाल्यापासून रस्ता उंच झालाय आणि आमचं स्वयंपाकघर खाली गेलंय. खिडकी बाहेरून जेमतेम कमरेला येते. तिन्हीसांजेला मागचं दार लावून घेतात आणि पुढचं उघडं ठेवतात, लक्ष्मीसाठी. मागचं दार लावलेलंच होतं. खिडकीची झडप उघडी होती. गजांमधून पिवळा उजेड माझ्या अंगावर पडला होता.

मी खाली वाकलो.

राजनंदिनी डावीकडं, तो उजवीकडं, मधे मेणबत्ती. दोघं मला बाजूनं दिसत होते. ती भरताची वांगी सोलत होती. तो लसूण. अंगठ्याचं नख लावून, घाई न करता, एकेक पाकळी. त्याच्या अंगात माझा निळा चौकड्यांचा शर्ट होता, तिनं बटण लावलेला. तोच शर्ट त्या वेळी माझ्याही अंगात होता.

नाक माझं. कपाळ माझं. कानामागं शाळेत पडलो तेव्हाची खूण, तीही.

तो काही बोलत नव्हता. नुसता तिच्याकडं बघत होता. तिच्या हाताकडं, मग चेहऱ्याकडं, मग पुन्हा हाताकडं. इतकं सोपं होतं ते. ती मान खाली घालूनच हसली, आणि ते तेच हसू होतं. चित्रात होतं त्याहून सुंदर.

भीती वाटायला हवी होती. मला मत्सर वाटला, दुसरं काही नाही. दुसरा कुणी असता तर मी त्याला मारलं असतं. पण हा तर मीच होतो, आणि माझ्यापेक्षा बरा. त्याला मी काय म्हणून मारणार?

मेणबत्ती खिडकीच्या बरोबर खाली होती. मी गजांना तोंड लावलं आणि छातीतला सगळा वारा एकवटून फुंकर मारली.

अंधार झाला.

"अगं बाई," राजनंदिनी म्हणाली.

मी श्वास धरून थांबलो. आता ती घाबरेल, ओरडेल. मी दारावर थाप मारीन. ट्यूब लागेल, आणि पाटावर कुणी नसेल.

"थांब, मी लावतो," अंधारातून आवाज आला. माझा आवाज.

काडी ओढली गेली. ज्योत आधी निळी, मग पिवळी झाली. तो तिथंच होता. तिनं पदर सावरला आणि खिडकीकडं पाहिलं. सरळ माझ्या तोंडाकडं.

"वारा आला," ती म्हणाली.

"नंदा!" मी गज धरून म्हणालो. "नंदा, मी हाय!"

ज्योत पुन्हा थरथरली. तिनं हाताचा आडोसा केला. बोटांच्या कडा लाल झाल्या.

तो उठला, खिडकीपाशी आला. त्याच्या आणि माझ्या तोंडात फक्त गज होते. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, ओळखही नव्हती. बाहेर गार झालंय का ते बघावं तसं त्यानं पाहिलं.

"थंडी पडू लागली," तो म्हणाला आणि झडप लावून घेतली.

मी गल्लीतून पळत पुढं आलो. फाटक उघडलं. ओसरी अंधारात होती. मी दिव्याच्या बरोबर खाली उभा राहिलो, दोन्ही हात हलवले. उड्या मारल्या.

पुढचं दार सताड उघडं होतं. आतून भरताचा खरपूस वास येत होता. मी उंबऱ्यावर पाय ठेवणार, तेवढ्यात तो आतून आला. त्यानं ओसरीवर पाऊल टाकलं आणि दिवा लागला. भक्कन, पहिल्याच पावलाला.

"कोण हाय वो?" आतून राजनंदिनीनं विचारलं.

त्यानं सगळं अंगण नजरेखालून घातलं. मी पायरीवर होतो.

"कुणी न्हाई. मांजर असंल."

मांजर आली असती तर दिवा आधीच लागला असता. हे सांगायला मी तोंड उघडलं, तोवर कडी लागली होती.

प्रदर्शनाला मी एसटीनं गेलो. मांजरसुंब्याच्या पुढं गाडी भरली, लोक उभे राहिले, तरी माझ्या शेजारची जागा रिकामीच राहिली. कंडक्टर माझ्यापुढून दोनदा गेला आणि त्यानं मला तिकीट विचारलं नाही.

हॉलमध्ये गर्दी बरी होती. दाराशी समई, भिंतींवर माझं स्वयंपाकघर. राजनंदिनी जरीच्या साडीत होती आणि तो तिच्या बाजूला उभा होता, हात मागं बांधून, कुणी काही विचारलं की तिच्याकडं बघून तिला बोलू देणारा. साजिद त्याच्या खांद्यावर हात टाकून हसत होता. छबुबाईंनाही गाडी करून आणलं होतं.

शेवटचं चित्र नवं होतं. वांगी, लसूण, दोन पाट. या वेळी दुसऱ्या पाटावरचा माणूस चौकटीच्या आत होता. तो बघत होता आणि ती हसत होती. मधली ज्योत मात्र एका बाजूला पार झुकलेली. मागं काळी खिडकी, आणि गजांपाशी काळ्यातच एक जरा फिकट डाग.

कॉलेजातली एक मुलगी त्यासमोर थांबली. गळ्यातल्या ओळखपत्रावर नाव होतं, सहर. "मॅडम, बाकी सगळ्या चित्रांत ज्योत सरळ हाय. हितं वाकडी कावून?"

राजनंदिनी चित्राजवळ गेली. त्या डागाकडं तिनं जरा जास्तच वेळ पाहिलं असं मला वाटलं.

"ज्योत नुसती उजेडासाठी नसती," ती म्हणाली. "बाहेर काय हाय ते बी तीच सांगती. बाहेर वारा होता."

"अन् हा डाग?"

"ते माझ्याकडून कसं झालं काय माहीत. पुसायला गेले तर चित्र बिघडतंय."

मी तिच्या अगदी जवळ गेलो. केसातल्या गजऱ्याचा वास येण्याइतका. तिच्या कानाशी वाकून मी तिला सगळं सांगितलं. चिमणीचं, आईचं, ती गोष्ट माझी होती हे. सांगता सांगता मला रडू फुटलं.

तिनं खांद्यावरचा पदर घट्ट ओढला. दाराशी समईच्या ज्योती एका दिशेला झुकल्या, एक गेली. ती लगबगीनं तिकडं गेली आणि उरलेल्या ज्योतींभोवती तिनं दोन्ही तळहात धरले.

"अहो," तिनं मान वळवून हाक मारली. "तेवढा पंखा बंद करा की."

त्यानं वर पाहिलं.

"बंदच हाय."